सकाळी ९ ला ‘आज घरी सोडू’ म्हणाले, मग गेटबाहेर पडायला ५ का वाजतात?

सकाळच्या राऊंडला मोठे डॉक्टर येतात, फाईल चाळतात, टाके बघतात आणि म्हणतात, ‘छान आहे सगळं, आज सोडू या.’ पेशंटचा चेहरा खुलतो, घरी फोन जातो, कुणीतरी मऊ भाताचा कुकर लावायची तयारी करतं, गाडीवाल्या पुतण्याला ११ ला बोलावलं जातं. मग ११ चे १ होतात, १ चे ३ होतात, पुतण्या पार्किंगचे पैसे दोनदा भरतो, आणि प्रत्येक काउंटरवर एकच उत्तर मिळतं, ‘वरून पेपर आले नाहीत अजून.’ शेवटी ५ वाजता व्हीलचेअर येते.

आता त्याच दिवशी त्याच हॉस्पिटलात खाली कॅज्युअल्टीत काय चाललेलं असतं ते बघा. सकाळी १० ला आलेला न्यूमोनियाचा पेशंट, सलाईन लावलंय, ऑक्सिजन चालू आहे, अ‍ॅडमिट करायचं ठरलंय पण तो ट्रॉलीवरच आहे कारण वर बेड नाही. नातेवाईक भांडतायत, कॅज्युअल्टीचे डॉक्टर वैतागलेत, १०८ ची गाडी नवीन पेशंट घेऊन दारात उभी आहे आणि तिला ट्रॉलीच मिळत नाहीये. लोकांना वाटतं वरची कटकट वेगळी आणि खालची वेगळी. तसं नाहीये, खालचा माणूस वरच्या माणसाच्या खाटेची वाट बघतोय आणि वरचा माणूस कागदाची. मधे कोण आहे, तर खरं सांगायचं तर कुणीच नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे.

लग्नातल्या पंगतीसारखं आहे हे. जेवण तयार आहे, वाढपी तयार आहेत, दुसऱ्या पंगतीचे लोक खुर्च्यांच्या मागे येऊन उभे आहेत, आणि पहिल्या पंगतीतले ताक पिऊन झालं तरी विड्यासाठी बसलेत. ते बिचारे मुद्दाम बसलेले नाहीत, विडा आलाच नाही त्यांच्यापर्यंत. अशा वेळी आणखी आचारी बोलावून काय उपयोग? पण हॉस्पिटलात नेमकं तेच केलं जातं, कॅज्युअल्टीत गर्दी झाली की कॅज्युअल्टी मोठी करा, तिथे डॉक्टर वाढवा, ट्रॉल्या घ्या. मोठी केलेली कॅज्युअल्टी थोड्या दिवसांत तेवढीच भरते कारण अडलंय वरती.

तर मग त्या ८ तासांत होतं काय? डॉक्टर ‘सोडू या’ म्हणाले म्हणजे काम सुरू झालं, संपलं नाही. त्या वाक्याचा डिस्चार्ज समरी नावाचा कागद व्हायला लागतो, तो आरएमओने, म्हणजे वॉर्डच्या ज्युनियर डॉक्टरने, टाईप करायचा असतो, आणि आरएमओ त्या क्षणी त्याच मोठ्या डॉक्टरांच्या मागे पुढच्या वीस खाटांवर राऊंड घेत असतो, राऊंड संपला की ड्रेसिंग, मग कुणाचं तरी सॅच्युरेशन पडलं म्हणून धावपळ, मग ओटीतून, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधून, बोलावणं. समरी लिहायला बसला की कळतं सकाळचा रक्ताचा रिपोर्ट सिस्टिमवर आलेला नाही, आणि त्याशिवाय गोळीचा डोस ठरत नाही. इकडे सिस्टर उरलेली इंजेक्शनं मोजून फार्मसीला परत पाठवतात, कारण ती परत गेल्याशिवाय बिल बंद होत नाही, पण फार्मसीत ओपीडीची रांग आहे त्यामुळे रिटर्नची एंट्री मागे पडते. बिलिंगवाला ओटीच्या सामानाची यादी मागतो, इम्प्लांट असेल तर त्याचं स्टिकर लागतं नाहीतर इन्शुरन्सवाले अडवतात, ते स्टिकर ओटीच्या नोट्समध्ये चिकटवलंय आणि त्या नोट्स एमआरडीला, म्हणजे रेकॉर्ड रूमला, गेल्यात. आहारतज्ज्ञ आणि फिजिओथेरपीवाले एकदा येऊन जायचे असतात. मग फाईल टीपीए डेस्कला, म्हणजे विम्याचे कागद बघणाऱ्या टेबलाला, मग विमा कंपनीकडे, मग कंपनीची क्वेरी, मग तिचं उत्तर लिहायला पुन्हा तोच आरएमओ.

यातलं एकेक काम घेऊन बघितलं तर कुठलंच मोठं नाही. समरी पंधरा-वीस मिनिटांत होते, रिटर्नची एंट्री त्याहून लवकर. वेळ खातं ते दोन कामांच्या मधलं थांबणं. कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला की तिथल्या ढिगात सगळ्यात खाली जातो, आणि त्या टेबलावरच्या माणसाला हे माहीतच नसतं की या कागदावर खालच्या ट्रॉलीवरचा माणूस अडकलाय. प्रत्येक खातं आपापलं काम वेळेत करतंय, लॅबचा मॅनेजर आकडे दाखवेल, फार्मसीचा दाखवेल, सगळे हिरवे. पेशंट मात्र खात्यांच्या मधल्या पॅसेजमध्ये ताटकळतो आणि पॅसेजला मॅनेजर नसतो.

एक साधं गणित आहे, ते समजलं की निम्मा विषय समजला. जॉन लिटल नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी १९६१ मध्ये ते सिद्ध करून दाखवलं, रांगांच्या शास्त्रात त्याला लिटलचा नियमच म्हणतात. आत किती माणसं असणार, तर रोज किती येतात गुणिले प्रत्येकजण किती वेळ राहतो, बस. समजा रोज १२ पेशंट अ‍ॅडमिट होतात आणि सरासरी ५ दिवस राहतात, म्हणजे कायम ६० खाटा गुंतलेल्या. आता उपचार तेच ठेवा, फक्त प्रत्येकाचे कागदापायी जाणारे ६ तास वाचवा, म्हणजे पाव दिवस. १२ गुणिले पावणेपाच, ५७. तीन खाटा मोकळ्या झाल्या, तेही एक वीट न रचता, एक माणूस न वाढवता. मोठ्या हॉस्पिटलात हाच हिशोब केला तर अख्खा वॉर्ड निघेल.

आणि हे झालं सरासरीचं, दिवसाच्या वेळेचा मुद्दा तर वेगळाच. कॅज्युअल्टीत आणि ओपीडीतून अ‍ॅडमिशन सकाळी १०-११ पासून वाढायला लागतात आणि खाटा रिकाम्या होतात ४ ते ६ ला. म्हणजे मधले पाच-सहा तास एका खाटेवर दोन माणसांचा हक्क असतो, एक जाणारा आणि एक येणारा. रात्री ८ ला बघाल तर चार खाटा रिकाम्या दिसतील आणि मॅनेजमेंट म्हणेल बेड तर आहेत की!

बरं, मग हॉस्पिटल १०० टक्के भरलेलं असणं चांगलं की वाईट? मालकाला विचाराल तर चांगलं. पण पेशंट काही मोजून मापून येत नाहीत, आज ८ येतील, उद्या १७. हॉटेल फुल असलं तर पाटी लावता येते, हार्ट अ‍ॅटॅकवाल्याला पाटी दाखवता येत नाही. ब्रिटनमध्ये १९९९ साली कॉम्प्युटरवर हॉस्पिटलचं मॉडेल चालवून एक अभ्यास झाला होता, त्यात दिसलं की सरासरी ८५ टक्क्यांच्या वर खाटा भरलेल्या असल्या की धोका जाणवायला लागतो, आणि ९० च्या वर गेलं की बेडची बोंबाबोंब नेहमीचीच होते. हा ८५ चा आकडा पुढे लोकांनी मंत्रासारखा सगळीकडे वापरला, तसा तो नाहीये, लहान हॉस्पिटलला किंवा १० खाटांच्या आयसीयूला त्याहून जास्त मोकळीक लागते कारण तिथे दोन पेशंट जास्त आले तरी गणित कोलमडतं. आणि आपल्याकडच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलांबद्दल तर काय बोलायचं, मेडिसिनच्या एखाद्या युनिटचा इमर्जन्सी डे, म्हणजे तातडीचे पेशंट घ्यायचा दिवस, झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी दोन खाटांच्या मधे जमिनीवर गाद्या असतात. तिथे नुसता कागद वेगाने हलवून सगळं सुटेल असं मी म्हणणार नाही, तिथे खाटा आणि माणसं खरोखरच कमी आहेत. पण तिथेही एमआरआयच्या तारखेसाठी आठवडाभर खाट अडवून बसलेला पेशंट असतोच, आणि त्याला वेळेत तारीख मिळाली तर जमिनीवरचा एकजण वर येतो.

आता एक गोष्ट जी ऐकून पहिल्यांदा कुणालाच पटत नाही. गोंधळ कशामुळे होतो विचारलं तर सगळे म्हणतात इमर्जन्सीमुळे, ती सांगून येत नाही ना. पण वर्षभराचे आकडे मांडून बसलात तर इमर्जन्सी बऱ्यापैकी ओळखता येते, सोमवारी जास्त, पावसाळ्यात डेंग्यू-लेप्टोची भर, रात्रीपेक्षा दिवसा जास्त. खरी चढउतार असते ठरवून केलेल्या ऑपरेशनांची, जी आपल्या हातात आहेत. हॉस्पिटलांच्या कामकाजाचे अभ्यासक, बोस्टनमधले युजीन लिटवाक गेली कित्येक वर्षं हेच सांगत आलेत. मंगळवारी तीन मोठे सर्जन एकाच दिवशी लिस्ट लावतात, तिघांच्याही पेशंटना नंतर आयसीयू लागतो, म्हणून मंगळवारी-बुधवारी आयसीयू फुल आणि शनिवारी निम्मा रिकामा. मंगळवारी रात्री अपघाताचा पेशंट आला की त्याला जागा नाही, आणि दोष कुणाला, तर अपघाताला. अमेरिकेत सिनसिनाटीच्या मुलांच्या हॉस्पिटलने ऑपरेशनांचं वेळापत्रक आठवडाभर सारखं पसरवलं, इमर्जन्सीसाठी ओटी वेगळी ठेवली, आणि त्यांचा नव्या खाटा बांधायचा मोठा खर्च टळला.

आपल्याकडे यात आणखी मसाला आहे. प्रायव्हेटमध्ये बरेचसे सर्जन व्हिजिटिंग, ते चार हॉस्पिटलांत फिरतात, त्यांच्या सोयीने लिस्ट लागते. शिवाय पितृपक्षात आणि अमावस्येला लोक ठरवलेलं ऑपरेशन टाळतात, दिवाळीत वॉर्ड ओस, आणि दिवाळी संपली की गुडघे, हर्निया, मोतीबिंदू सगळे एकदम रांगेत. सिझेरियनचा मुहूर्त काढून येणारेही आहेतच. यावर चिडून उपयोग नाही, लोकांच्या श्रद्धा आहेत, पण ज्याच्याकडे ओटीची वही आहे त्याला हे दरवर्षी कॅलेंडरवर आधीच दिसत असतं! पंधरवडा संपल्यावरच्या आठवड्यात सगळ्या लिस्टा एका दिवशी न लावणं एवढं तरी करता येतं.

इथे कुणीतरी हमखास मदुराईच्या अरविंद नेत्रालयाचं नाव काढतं. डॉ. वेंकटस्वामींनी १९७६ मध्ये ११ खाटांवर सुरू केलेलं, एका ओटीत शेजारी शेजारी टेबलं, सर्जन एका डोळ्याचं ऑपरेशन करतोय तोपर्यंत सिस्टरनी पुढचा पेशंट तयार ठेवलेला. कौतुक करावं तेवढं थोडं. पण तिथे बहुतेक काम एकाच प्रकारचं, पेशंटचा रस्ताही एकच. जनरल हॉस्पिटलात एकाच पेशंटला डायबेटिस, किडनी आणि मोडलेलं हाड असं सगळं असतं आणि तीन खाती तीन दिशांना ओढतात. ऑर्थोवाले म्हणतात आम्ही तयार आहोत, ऑपरेशनला चालेल अशी फिजिशियनची फिटनेस द्या, फिजिशियन म्हणतात हृदयाचा इको करा, इकोवाले म्हणतात उद्या, भूल देणारे डॉक्टर संध्याकाळी येऊन म्हणतात पोटॅशियम वाढलंय, किडनीवाल्यांचा रेफरन्स घ्या. चार दिवस गेले, आजीचं खुब्याचं हाड तसंच. यात कुणीही चुकीचं बोललेलं नाही. फक्त चौघं एकदाही एका वेळी त्या आजीच्या खाटेशी उभे राहिले नाहीत. बऱ्याच ठिकाणी आता खुब्याच्या फ्रॅक्चरला पहिल्या दिवशीच ऑर्थो, फिजिशियन आणि भूल असे तिघं मिळून बघतात, आणि ते योग्यच आहे, म्हाताऱ्या माणसाला खाटेवर पडून ठेवण्याचा प्रत्येक दिवस महाग पडतो, छातीत कफ भरतो, पाठीला जखमा होतात.

एकामागून एक करायचं की एकाच वेळी करायचं, हा प्रश्न हार्ट अ‍ॅटॅकमध्ये सगळ्यात नीट सोडवला गेलाय. पेशंट दारात आल्यापासून अडकलेली रक्तवाहिनी फुग्याने उघडेपर्यंत ९० मिनिटं, असं लक्ष्य असतं. जुनी पद्धत काय होती, कॅज्युअल्टीचा डॉक्टर ईसीजी काढणार, मेडिसिनच्या रजिस्ट्रारला बोलावणार, तो बघून कार्डिओलॉजिस्टला फोन करणार, तो हो म्हणाला की कॅथ लॅबच्या, म्हणजे ही रक्तवाहिनी जिथे उघडतात तिथल्या, लोकांना बोलवा, एकेक फोन, एकेक वाट. २००६ मध्ये अमेरिकेतल्या ३६५ हॉस्पिटलांचा अभ्यास छापून आला, वेगवान हॉस्पिटलं वेगळं काय करतात हे बघायला. उत्तर मशीनमध्ये नव्हतंच. कॅज्युअल्टीच्या डॉक्टरलाच कॅथ लॅब सुरू करायचा अधिकार, एक फोन केला की सगळ्या टीमला निरोप, अ‍ॅम्ब्युलन्समधल्या ईसीजीवरूनच तयारी सुरू, आणि प्रत्येक केसनंतर किती मिनिटं लागली ते सगळ्यांना सांगायचं. म्हणजे काय, तर मधली परवानगी काढून टाकली. कधीतरी टीम उगाच बोलावली जाईल, खोटा अलार्म होईल, तो खर्च सोसायची तयारी ठेवली.

गोव्यात सरकारने हेच एका हॉस्पिटलच्या बाहेर नेलं. काणकोण किंवा पेडण्याकडच्या माणसाला छातीत दुखायला लागलं तर त्याने थेट बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजला धावायचं नाही. जवळच्या सरकारी केंद्रात ईसीजी निघतो, तो ऑनलाईन तज्ज्ञांकडे जातो, अ‍ॅटॅक आहे असं कळलं की गुठळी विरघळवायचं इंजेक्शन तिथेच दिलं जातं आणि मग पेशंट बांबोळीला. छोट्या राज्याला हे सोपं जातं हे खरं, पण अंतर कमी असून उपयोग नसतो जर प्रत्येक ठिकाणी नव्याने केस पेपर आणि नव्याने ईसीजी काढत बसले तर.

आता माहितीकडे येऊ, कारण पेशंट एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेला तरी त्याची माहिती अनेकदा मागेच राहते. ड्युटी बदलते तेव्हा, ओटीतून आयसीयूत नेतात तेव्हा, आयसीयूतून वॉर्डला पाठवतात तेव्हा. लंडनच्या ग्रेट ऑरमंड स्ट्रीट या लहान मुलांच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी, हार्टचं ऑपरेशन झालेल्या बाळाला आयसीयूत सोपवताना होणारा गोंधळ कमी करायला चक्क फेरारीच्या फॉर्म्युला वनच्या टीमला विचारलं, त्यांचं चाक बदलायचं काम काही सेकंदांत होतं म्हणून. त्या लोकांनी व्हिडिओ बघून विचारलं, यात पुढारी कोण आहे? कोण कधी बोलतंय? मग क्रम ठरला, आधी मशीनं आणि नळ्या जोडायच्या, तेव्हा माहिती सांगायची नाही, सगळं जोडून झालं की सगळे थांबतील आणि मग एकजण सांगेल. २००७ मध्ये त्याचे निकाल छापले, सोपवताना राहून जाणारी माहिती साधारण निम्म्यावर आली होती.

अमेरिका आणि कॅनडातल्या ९ हॉस्पिटलांत लहान मुलांच्या वॉर्डच्या रेसिडेंट डॉक्टरांना ड्युटी सोपवायची ठरावीक पद्धत शिकवली, त्याचा अभ्यास २०१४ मध्ये आला. उपचारातल्या चुका २३ टक्क्यांनी कमी, टाळता येण्यासारख्या इजा ३० टक्क्यांनी कमी, आणि सोपवायला लागणारा वेळ वाढला नाही. नवीन औषध असतं तर पहिल्या पानावर बातमी आली असती.

आपल्या वॉर्डमध्ये रात्री काय होतं? सिस्टर फोन करतात, ‘सर, १४ नंबरचे आजोबा जरा अस्वस्थ वाटतायत, बघून जाल का?’ सर दोन रात्री झोपलेले नाहीत, ते म्हणतात येतो. आता हाच फोन असा: ‘सर, सर्जरी वॉर्डमधून बोलतेय, १४ नंबर, ६८ वर्षांचे, काल आतड्याचं ऑपरेशन झालंय. अर्ध्या तासात बीपी १३० वरून ९० वर आलंय, पल्स १२४, दोन तासांत लघवी जवळजवळ नाही, ड्रेनच्या नळीत ताजं रक्त आहे. मला आतून ब्लीडिंग वाटतंय. तुम्ही आत्ता या, मी रक्तपेढीला कळवून ठेवू का?’ काय झालंय, आधीचं काय आहे, मला काय वाटतं, तुम्ही काय करावं, असा चार पायऱ्यांचा हा नमुना मूळचा अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांमधला, तिथून हॉस्पिटलांत आला. आपल्याकडे नर्सिंगच्या ट्रेनिंगमध्ये हे शिकवतात, तक्ते पण लावलेत, पण तिसरी पायरी अडते. ‘मला असं वाटतंय’ म्हणायची मुभा सिस्टरला कितीशी असते? एकदा डॉक्टरने ‘निदान तुम्ही करणार का आता’ असं सुनावलं की पुढची पाच वर्षं ‘जरा अस्वस्थ वाटतायत’ हेच चालू राहतं. हा तक्त्याचा नाही, वॉर्डातल्या वागण्याचा प्रश्न आहे.

परत डिस्चार्जकडे, कारण सगळ्यात जास्त सुधारणा इथे स्वस्तात होते. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत एक पद्धत आहे, प्रत्येक पेशंटला अ‍ॅडमिट झाल्या झाल्या अंदाजे घरी जायची तारीख द्यायची, सकाळी लवकर सिनियर डॉक्टरने बघायचं, आणि जाणाऱ्यांपैकी निदान एक तृतीयांश लोक दुपारी १२ च्या आत वॉर्डबाहेर पडतील असं बघायचं. आणखी एक छान गोष्ट, रोज प्रत्येक पेशंटच्या नावापुढे लाल किंवा हिरवं लावायचं. आज जे झालं त्याने हा माणूस घराच्या दिशेने सरकला का? सरकला तर हिरवं. नुसतंच सोनोग्राफीची वाट बघत पडून राहिला तर लाल, आणि का लाल ते लिहायचं. आठवडाभर लिहिलं की कुठलं खातं अडवतंय ते आपोआप दिसतं, कुणावर आरोप करायची गरज पडत नाही.

आपल्याकडे करायचं तर फार काही नको. उद्या ज्यांना सोडायचंय त्यांची यादी आज संध्याकाळी ५ ला सिस्टर इन्चार्ज, आरएमओ, बिलिंग आणि टीपीए डेस्क असे चौघं दहा मिनिटं उभ्या उभ्या बघतील. समरीचा कच्चा खर्डा आजच, त्यात उद्या फक्त दोन ओळी. बिल आजपर्यंतचं आजच तपासलेलं. उद्याचं रक्त पहाटे ५ ला घेतलेलं, म्हणजे राऊंडच्या आत रिपोर्ट. राऊंड सुरू होताना आधी गंभीर पेशंट, मग जाणाऱ्या खाटा, मग बाकीच्या. आणि खाट रिकामी झाली की ती साफ करणाऱ्या मामा-मावशींना एकाच माणसाचा निरोप जाईल, तीन ठिकाणांहून नाही. हे करायला कुठलंही महागडं सॉफ्टवेअर लागत नाही, आणि ज्यांनी सॉफ्टवेअर आधी घेतलं आणि हे केलं नाही त्यांच्याकडे आता स्क्रीनवर रंगीत खाटा दिसतात एवढंच.

इन्शुरन्सवाल्यांना शिव्या घालायची पद्धत आहे, आणि बऱ्याचदा त्या योग्यही असतात. पण मे २०२४ मध्ये विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, परिपत्रक काढून सांगितलंय की कॅशलेसची विनंती आल्यावर १ तासात निर्णय द्यायचा, आणि हॉस्पिटलकडून डिस्चार्जची विनंती आल्यापासून ३ तासांत शेवटची मंजुरी. त्याच्यावर उशीर झाला आणि हॉस्पिटलने जादा पैसे लावले तर ते कंपनीने सोसायचे. छान आहे, पण घड्याळ सुरू होतं हॉस्पिटलने पूर्ण कागद पाठवल्यावर. ९ ला तोंडी सांगितलं आणि कागद २ ला गेले तर नियम पाळूनही ५ वाजणारच.

आकडा ठरवला की लोक आकडाच सांभाळतात, हेही बघून झालंय. इंग्लंडमध्ये कॅज्युअल्टीत आलेल्या माणसाचं ४ तासांच्या आत काय ते ठरलं पाहिजे असा नियम केला, २००४ मध्ये ९८ टक्क्यांचं लक्ष्य होतं, २०१० मध्ये ते ९५ वर आणलं. सुरुवातीला खूप फरक पडला, तासन्‌तास ताटकळणं कमी झालं. पण आलेख बघितले तर ३ तास ५० मिनिटांच्या आसपास पेशंट हलवायचा उंचच उंच सुळका दिसायचा, म्हणजे घड्याळाकडे बघून वॉर्डात ढकलणं चाललेलं. एका खात्याचं घड्याळ लावलं की ओझं शेजारच्या खात्यात जातं. आपल्याकडे ओपीडीत क्यूआर कोड स्कॅन करून आभा कार्डावरून, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य ओळखपत्रावरून, नोंदणी व्हायला लागली, खिडकीवरची रांग बऱ्याच सरकारी हॉस्पिटलांत खरंच कमी झाली, पण तपासणाऱ्या डॉक्टरांची संख्या तेवढीच राहिली तर ती रांग खिडकीवरून उठून डॉक्टरच्या दाराशी जाऊन बसते. मोजायचं तर पेशंट दारातून आत आल्यापासून दारातून बाहेर जाईपर्यंत मोजा, मधल्या टेबलांचं नंतर बघू.

नातेवाईक म्हणून तुमच्या हातात काय आहे? अ‍ॅडमिट झाल्यावर दुसऱ्या दिवशीच विचारा, अंदाजे किती दिवस, आणि कशावर अवलंबून आहे. डॉक्टर पक्कं सांगणार नाहीत, पण ‘ड्रेन निघाला की’ किंवा ‘२४ तास ताप आला नाही की’ असं सांगतील, तेवढं पुरतं. घरातला एकच माणूस बोलायला ठेवा, सकाळी काका, दुपारी मेव्हणा, रात्री पुण्याहून आलेला भाऊ असं झालं की प्रत्येकाला डॉक्टरने पहिल्यापासून सांगायचं आणि तिघांनी तीन अर्थ काढायचे. विम्याचे कागद, आधार, जुने रिपोर्ट पहिल्याच दिवशी टीपीए डेस्कला देऊन टाका, महात्मा फुले योजनेत असाल तर आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी गाठा. आदल्या संध्याकाळी सिस्टरना विचारा, ‘उद्या सोडणार असाल तर आज काय करून ठेवू?’ या एका प्रश्नाने निम्मी कामं पुढे सरकतात, कारण मग सिस्टरच बिलिंगला फोन लावतात.

आणि समरी हातात पडली की दमलेले असलात, गाडी खाली उभी असली तरी दोन गोष्टी बघूनच निघा. आधी चालू असलेल्या गोळ्यांपैकी कुठल्या बंद, कुठल्या चालू ते स्पष्ट लिहिलंय का, कारण बीपीची तीच गोळी दोन वेगळ्या नावांनी दोनदा घेणारे लोक कमी नाहीत. आणि गाठीचा तुकडा तपासायला गेला असेल किंवा जंतू शोधायला कल्चर पाठवलं असेल तर तो रिपोर्ट कधी येणार आणि कोण बघणार ते विचारून समरीवरच लिहून घ्या, नावासकट आणि फोन नंबरसकट. तुम्ही घरी गेल्यावर तो रिपोर्ट येतो, सिस्टिमवर पडतो, आणि त्या वेळी तुमची खाट दुसऱ्याच्या नावावर असते.